समोगितिया शिवताना

लिथुआनिया नावाचा देश मी किती वेळा शिवला आणि किती वेळा उसवला, ते माझी जाऊ सुमन चारचौघांत हात नाचवून सांगते. मला तसं सांगता येत नाही. चार माणसं समोर बसली की माझा शब्द घशातच राहतो. म्हणून दुपारची भांडी आवरली की नातीच्या पाठकोऱ्या कागदांवर हे लिहिते. कोणाला दाखवायचं नाही. चौथीनंतर माझं लिहिणं किराण्याच्या यादीपुरतंच राहिलं, त्यामुळे अक्षर अजून चौथीतलंच आहे.

आम्ही दोघी जावा पिंप्राळ्यात गोधड्या शिवतो. गोधडी म्हणजे जुनं कापड एकावर एक रचून शिवलेलं पांघरूण, एवढं सगळ्यांना ठाऊक असतं. पण जुनं म्हणजे किती जुनं, ते बोटांनाच कळतं. नवं कापड ताठ असतं, अंगाला धरत नाही. फार विरलेलं असलं तर टाका धरत नाही. मधलं कापड पाहिजे, माणसानं वापरून मऊ केलेलं. आधी वरचा थर जुळवायचा, नक्षी काय असेल ती त्याच्यावर लावायची. मग खाली थर अंथरायचे, ते कच्च्या टाक्यांनी जागच्या जागी धरायचे आणि एका कडेपासून ओळीनं धावदोरा घालत दुसऱ्या कडेला जायचं. मी एका टोकाला बसते, सुमन दुसऱ्या टोकाला. ती बोलते, मी शिवते. तीही शिवते, पण ते तिच्या बोलण्याच्या मधेमधे.

गिऱ्हाइकं नाना तऱ्हेची येतात. चाळीसगावची एक बाई सासूच्या सगळ्या साड्या घेऊन आली. आम्हाला भरून आलं, म्हटलं किती माया. सुमननं विचारलं, "पांघरायला मोठी करू का?"

"पांघरायला नको. अंथरायला करा," बाई म्हणाली. "आयुष्यभर ती माझ्या डोक्यावर होती."

दुसरी एक जण दर आठ दिवसांनी यायची आणि म्हणायची, एवढी एक साडी अजून बसवा. मुलीच्या बाळंतपणासाठी शिवायला दिलेली गोधडी बाळ चालायला लागलं तेव्हा पुरी झाली. तेव्हा मला एक गोष्ट कळली. काही गिऱ्हाइकांना गोधडी हवी असते. काहींना गोधडी चालू असायला हवी असते. बाहेरून दोघं सारखीच दिसतात.

नाना कुठल्या प्रकारचे आहेत, ते मला ओळखायला वेळ लागला.

नाना आमच्या मागच्या कॉलनीत राहतात. मूळ घर दोंडाईच्याकडे, शेतकऱ्याचं. हायस्कुलात इतिहास शिकवून रिटायर झालेले. घरी ते आणि त्यांच्या विधवा सूनबाई, म्हणजे आमच्या वहिनी. वहिनींची मुलगी, म्हणजे नानांची नात केतकी, डॉक्टरकी शिकायला लिथुआनियाला गेली आणि तिथेच नोकरीला लागली. नानांच्या बायकोनं, काकूंनी, तिला लहानाची मोठी केली होती. काकू गेल्या आणि पुढच्याच हिवाळ्यात केतकीनं फोनवर सांगितलं, की मला इथला एक मुलगा आवडला आहे. नाव योनास. गाईंचा डॉक्टर आहे. आणि नाना, तुम्ही हो म्हटल्याशिवाय मी लग्न करणार नाही.

या शेवटच्या वाक्यानं सगळा घोळ झाला. ती नुसतं लग्न करून मोकळी झाली असती, तर नाना महिनाभर रागावले असते आणि मग फोटो मागवला असता. पण हो म्हणायचं काम त्यांच्यावर आलं.

नानांच्या घरात एक रीत आहे. मुलीला आजीच्या लुगड्यांची गोधडी द्यायची, आणि त्या गोधडीची घडी पडल्याशिवाय लग्नाची तारीख काढायची नाही. म्हणून काकूंच्या लुगड्यांचं गाठोडं घेऊन नाना आमच्या ओट्यावर आले. वर पुस्तकातून काढलेले नकाशेही होते.

"अक्का," मला म्हणाले, "आपल्याकडे पोरगा बघायचा तर काय करतात? मूळ गाव विचारतात. शेती कुठे, बांध कोणाला लागून, भाऊबंदकी किती, हे चार पाहुण्यांत विचारतात. त्या देशात माझा कोण पाहुणा बसलाय? मग मी ठरवलं, त्यांची जमीनच मुळापासून बघतो."

"मुळापासून म्हणजे?" सुमननं विचारलं.

"सात-आठशे वर्षांपासून. पोरगी कोणत्या मातीत जाते, ते तिच्या पांघरुणावर दिसलं पाहिजे."

सुमन माझ्याकडे बघायला लागली. मी गाठोडं सोडलं. काकूंचं एक डाळिंबी लुगडं वरच होतं, अगदी मऊ, टाका धरेल असं. नाना म्हणाले, हा लिथुआनिया. त्यांच्या पूर्वेचे रशियाकडचे राजे निळे. जंगल आणि दलदल हिरवी. आणि पश्चिमेकडून, उत्तरेकडून जे जर्मन धर्मशिपाई चालून यायचे, पांढऱ्या झग्यावर काळा क्रूस लावून, त्यांच्यासाठी नानांनी आपलं जुनं धोतर आणलं होतं.

"नाना, तुमच्या धोतराला या वयात लढाईवर धाडता?" सुमन म्हणाली. नाना हसले. तेव्हा ते हसत होते.

पहिल्यांदा त्यांनी सांगितलं, सगळी गोधडी डाळिंबी करा. म्हणे फार पूर्वी त्या लोकांच्या भाऊबंदांची वस्ती थेट मॉस्कोच्या बाजूपर्यंत होती, तिथल्या नद्यांची नावं अजून त्यांच्या बोलीतली आहेत. आम्ही जुळवलं. आठवड्यानं आले आणि म्हणाले, ते भाऊबंद होते, पण हे नव्हेत. यांची खरी जागा नेमुनास आणि नेरिस या दोन नद्यांच्या आसपास. गिरणा तापीला मिळते तशी नेरिस नेमुनासला मिळते, आणि केतकी शिकली ते शहर नेमकं त्या संगमावर आहे. मग पूर्वेचं सगळं उसवलं, ते डाळिंबी खालच्या थरांत गेलं, आणि वर निळं लावलं.

"या देशाचं नाव पहिल्यांदा कागदावर कसं आलं, माहितीये?" नाना सांगायचे. "एक धर्मगुरू धर्म शिकवायला गेला. त्याला यांच्या सरहद्दीवर मारला. त्या खुनाच्या बातमीत देशाचं नाव आलं."

"म्हणजे पोलीस पाटलाकडे नोंद व्हावी तसं," सुमन म्हणाली. "चांगलं घराणं शे, नाना!"

तिला वाटलं गंमत झाली. नानांनी मात्र मान हलवली आणि 'हे एक बघितलं पाहिजे' असं काहीतरी पुटपुटले. त्या दिवशी मला सुमनचं तोंड शिवावंसं वाटलं.

देशात वरचा भाग आणि खालचा भाग असे दोन. आपल्या गावात वरची आळी, खालची आळी असते तसे. खालचा भाग पश्चिमेला, समुद्राच्या बाजूला. त्याचं नाव समोगितिया. योनासचं घर तिथलंच. झालं. त्या एका तुकड्यापायी पुढचा सगळा वेळ गेला. सुमन त्याला समी म्हणायची, जणू कोणाची मुलगीच.

त्यांच्या पहिल्या राजानं म्हणे स्वतःच्याच भाऊबंदांना कोणाला मारून, कोणाला हाकलून सगळी जमीन एक केली. मग वैऱ्यांना गप्प करायला त्यांचाच धर्म घेतला, डोक्यावर मुकुट घातला, आणि समोगितियाचे तुकडे त्या धर्मशिपायांच्या नावे लिहून दिले. मी डाळिंबी तुकडा उसवला आणि धोतराचा लावला. आठ दिवसांनी नाना आले. "अक्का, उसव. समोगितियावाले ऐकेनात. त्यांनी धर्मशिपायांना असा चोप दिला, की राजाच परत त्यांच्या बाजूला आला." मी धोतर उसवलं, डाळिंबी लावलं.

त्या राजाचं पुढं काय झालं, तेही नानांनी सांगितलं. राणी वारली. तिची बहीण दुःखाला आली. राजानं तिला परत जाऊच दिलं नाही, ठेवूनच घेतली. तिचा नवरा जिवंत होता. त्यानं आणि राजाच्या भाच्यानं मिळून राजाला मारलं.

"साळी दुःखाला आलेली!" सुमननं सुई खाली ठेवली. "दहावा तरी होऊ द्यायचा!"

त्या दिवशी माझे टाके वाकडे पडले.

मग पुढच्या पिढ्यांत दोन चुलतभाऊ निघाले. गादीवरून भांडण. ज्याचं पारडं हलकं होई, तो धर्मशिपायांकडे जाई आणि मदतीच्या बदल्यात समोगितिया देऊन टाकी. पुढे समेट झाला की परत घेई. एकानं दिला, मग दुसऱ्यानं दिला, मग पहिल्यानं परत दिला. मला सगळं नीट सांगता येणार नाही, पण माझ्या बोटांना पाठ आहे. गल्लीतल्या बायका भाजी घेताना विचारायच्या, "अक्का, समी नांदायला गेली का माहेरी आली?" घेतलेलं काम वेळेत देणारी म्हणून माझं नाव होतं. या एका गोधडीनं ते पार घालवलं.

बाकीची गोधडी भरून तयार होती. पूर्वेकडून धावदोरा घालत आम्ही पश्चिमेपर्यंत आलो होतो. फक्त समोगितियाची बाजू उघडी राहिली होती, शर्टाची एक बाही राहावी तशी. आणि तिथे दर वेळी काहीतरी निघायचं.

एकदा आम्ही नानांच्याच हॉलमध्ये गोधडी पसरून बसलो होतो, तेव्हा केतकीचा फोन आला. मोबाइल वहिनींनी टेबलावर उभा केला होता. केतकी कामावरून आलेली, डोळे दमलेले.

"नाना, झाली का गोधडी?"

"कुठली होते! अगं, समोगितिया पुन्हा गेला ना!"

नाना हे इतक्या आनंदानं म्हणाले, की मी मान वर केली. परीक्षा पुढे ढकलल्यावर पोरांचं तोंड जसं होतं, तसं त्यांचं तोंड झालं होतं. केतकी हसली नाही. "नाना, तो सहाशे वर्षांपूर्वी गेला होता. आणि परतही आला. मी इथे आज वाट बघतेय." मग फोन बंद झाला.

तेव्हा मला कळलं, की नानांना गोधडी चालू असायला हवी आहे. घडी पडली की तारीख, आणि तारीख आली की काकूंनंतर रक्ताचं जे एक माणूस त्यांचं उरलं होतं, ते बर्फाच्या मुलखात कायमचं जाणार. नानांना त्या मुलाचं काही वावडं नव्हतं. राजे जमीन देत होते आणि परत घेत होते, तेवढ्या वेळात केतकी त्यांचीच राहत होती. मला कळलं, पण मी कोणाला सांगितलं नाही. गिऱ्हाइकाच्या घरातलं बोलायचं नाही, हा या धंद्यातला पहिला नियम. शिवाय माझ्या तोंडून ते आलंही नसतं.

डिसेंबरात केतकी योनासला घेऊनच आली. वहिनींना तिनं सांगितलं होतं, की या खेपेला जे ठरेल ते ठरेल, मला आता असं मधे लोंबकळत राहवत नाही.

थंडी कडक पडली होती. नाना स्वेटर, शाल, वर मफलर, पायात मोजे असे बसले होते. योनास दाराशी आला तो अर्ध्या बाह्यांचा शर्ट घालून. उंच, केस पिकल्या ज्वारीच्या रंगाचे. भरीत-भाकरी खाताना घाम पुसत होता. सुमन कानात म्हणाली, "अक्का, याला गोधडी कशाला? याला पंखा दे."

जेवणं झाल्यावर नानांनी गोधडी पसरायला लावली आणि योनासला सांगितलं, बस. तो जिथे जागा दिसली तिथे बसला. नेमका समोगितियावरच. मग परीक्षा सुरू झाली. नाना मराठीत विचारत, केतकी त्याच्या भाषेत सांगे.

"तुझ्या राजानं समोगितिया का दिला?"

योनासनं खांदे उडवले. केतकी म्हणाली, "नाना, त्याला माहीत नाही. शाळेत होतं म्हणतो, पण त्या दिवशी त्यांची गाय अडली होती."

नानांनी मग त्याला त्याच्याच देशाचा इतिहास सांगितला. तो अगदी मन लावून ऐकत होता. टेकड्यांवरचे लाकडी किल्ले आले, दलदलीतल्या पाण्याखाली दगड रचून केलेल्या चोरवाटा आल्या, ज्या फक्त तिथल्या माणसांना ठाऊक. तेव्हा तो एकदम सरसावून बसला आणि भराभरा बोलायला लागला. केतकी म्हणाली, "म्हणतो, अशी वाट त्यांच्या गावाजवळ आहे. लहानपणी हा तिच्यावरून घसरून कमरेइतक्या चिखलात पडला होता."

"आपल्याच वाटेवरून?" नाना म्हणाले.

"हो. म्हशीसारखं ओढून काढलं, म्हणतो."

वहिनी तोंडाला पदर लावून आत गेल्या. नानांच्या मफलरीतूनही हसू आल्यासारखं झालं, पण त्यांनी ते आवरलं.

"हे बघ," ते म्हणाले, "तुमचा मुलूख तुमच्याच माणसांनी चारदा दुसऱ्याच्या नावावर केला. मी माझी पोरगी अशा घरात देऊ, जिथली माणसं कोणत्याही भांडणात देऊन टाकली जातात?"

केतकीचा चेहरा उतरला. तिनं सांगितलं, पण हळू आवाजात. योनासनं ऐकलं. खाली डाळिंबी तुकड्याकडे बघितलं, त्यावरून हात फिरवला आणि सावकाश काही बोलला.

"म्हणतो, राजांनी कागदावर दिला असेल. माझी आजी म्हणायची, आपण कुठेच गेलो नाही. कोणाचाही राजा असो, पहाटे धार काढायला आपणच उठत होतो."

नाना शेतकऱ्याचा मुलगा. त्यांच्या डोळ्यांत ते पोचल्याचं मला दिसलं. वाटलं, झालं आता. पण नानांनी हात शालीत घातला आणि घडी घातलेला एक नवा नकाशा बाहेर काढला.

"ते ठीक. पण समुद्राकडच्या पट्टीचं काय? तिथं किल्ला कोणाचा होता, हे अजून बघायचं राहिलंय. अक्का, ही बाजू बठ्ठी उसवनं पडी."

केतकी उठून खिडकीपाशी जाऊन उभी राहिली. तिची पाठ हलत होती.

मी कात्री हातात घेतली. सवयच झाली होती. योनासच्या पुढ्यातली तुकड्याची सुटी कड उचलून उजेडाकडे धरली आणि थांबले. किती वेळा सुई आत गेली आणि बाहेर आली होती त्याच्यात. पिठाच्या चाळणीतून दिसावं तसा पलीकडचा दिवा दिसत होता. काकूंचं ते लुगडं त्यांच्या खांद्यावर मी कितीदा बघितलं होतं, नळावर, दळणाला जाताना. मला काय झालं, ठाऊक नाही. त्या घरात इतके दिवस मी 'हो नाना' आणि 'बरं नाना' यापलीकडे काही बोलले नव्हते. आणि जे बोलले, ते घरच्या बोलीतच आलं.

"नाना, आते कापड नही ऱ्हायनं."

"काबर? गाठोडं होतं ना?"

"डाळिंबी एवढंच होतं. आणखी एकदा उसवलं तर फाटेल. मग गोधडीत काकू राहणार नाहीत."

माझे कान तापले. सुमन आयुष्यात पहिल्यांदा गप्प बसली होती.

नाना खुर्चीतून उठले. गुडघे धरत खाली बसले, तुकड्याची ती कड हातात घेतली आणि दिव्याकडे धरली. मग नकाशाची घडी घालून चहाच्या बशीखाली ठेवून दिली.

"मग समोगितिया कोणाचा ठेवायचा?" त्यांनी मला विचारलं. मला! मी खाली बघत योनासकडे बोट केलं, तो अजून त्याच्यावरच बसलेला होता.

"शिव," नाना म्हणाले.

आम्ही तिथेच बसून ती बाजू भरली. चाळणी झालेल्या कापडाला मागून अस्तर लावलं, टाके बारीक घातले, तरी भोकं दिसतात ती दिसतातच. माझ्या हातचं असं काम बाहेर गेलं याची मला अजून रुखरुख आहे. कापड ताणून धरायला वजन लागतं, म्हणून योनासला एका कोपऱ्यावर बसवलं आणि नाना आपणहून दुसऱ्यावर बसले. सुमननं योनासला सुईत दोरा ओवायला दिला. एवढा गाईंना टाके घालणारा माणूस, पण आमची सुई बघून त्यानं केतकीला विचारलं, ही कोणत्या प्राण्यासाठी?

शेवटची गाठ मी मारली आणि दोरा दातानं तोडला. एवढी मोठी गोधडी, घडी घालायला दोन माणसं लागतात. सुमन उठायला लागली, तर मी तिचा पदर ओढून तिला खाली बसवलं.

नानांनी दोन टोकं धरली. "धर रे भाऊ," ते योनासला म्हणाले. त्याला भाषा कळली नाही, पण टोकं कळली. गोधडी मधे ताणली गेली. घडी घालायची म्हणजे एकमेकांकडे चालत यायचं. ते आले, टोकाला टोक जुळवलं, मागे गेले, परत आले. प्रत्येक खेपेला अंतर निम्मं होत गेलं. शेवटी मधे हातभर गोधडी उरली आणि दोघं छातीशी छाती येऊन उभे राहिले. नाना त्याच्या खांद्याइतकेच भरत होते. पुढे काय करायचं ते योनासला कळेना. त्याला वाटलं, इथली रीतच अशी असणार. त्यानं वाकून नानांना गोधडीसकट मिठी मारली.

"अरे, घडी मोडी जाई!" मफलरीच्या आतून नानांचा आवाज आला.

केतकी खिडकीपासून वळली. नाना तसेच उभे होते, मधे गोधडी दाबलेली. मोकळ्या हातानं ते योनासची पाठ थोपटत होते, बैल थोपटावा तशी जोरजोरात. मग त्याच्या दंडाआडून मान काढून त्यांनी स्वयंपाकघराकडे हाक मारली,

"सूनबाई, कॅलेंडर काढा खिळ्यावरून. आणि याला कोणीतरी स्वेटर द्या. मला बघून थंडी वाजते."